गाडीचे डोळे

मुलांनो, भिवंडी-ठाणे रस्त्यावरचं आमचं पूर्णा म्हणजे गोदामांचं गाव. दिवसभर कंटेनर, ट्रक, टेम्पो यांची रीघ. आमच्या वर्गातल्या पोरांना पाढे अडतात, पण गाडीचं नाव कधी अडत नाही! मध्ये एकदा शेजारच्या गोदामावर कुणा शेठजींची लांबलचक काळी गाडी आली. दुसरीतला एक मुलगा खिडकीला नाक लावून बराच वेळ बघत होता. मग मला म्हणाला, "बाय, त्या गारीला राग आयलाय का?" (आमच्याकडे गाडीला गारीच म्हणतात, बरं का.)

मी वाकून पाहिलं. खरंच की! पुढचे दिवे बारीक, तिरके, भुवया आवळल्यासारखे. माझ्या लहानपणच्या गाड्या अशा बघत नसत. प्रीमिअर पद्मिनी काय, अॅम्बॅसडर काय, त्यांचे डोळे गोल आणि चेहरा भोळा. पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

ते दिवे गोल का होते? दिव्याच्या मागे एक चकचकीत वाटी असते. तिच्या पोटात अगदी ठरलेल्या जागी बल्बची तार ठेवली, की वाटीवर आपटलेला उजेड सरळ पुढे जातो. अशी वाटी गोल करणं सोपं. अमेरिकेत तर १९४० पासून सगळ्या गाड्यांना एकाच मापाचे, सात इंची गोल दिवे लावायचे असा नियमच झाला. गाडी स्वस्त असो की महाग, डोळे सारखेच! मग श्रीमंत गाडीनं आपला तोरा दाखवायचा कुठे? पुढच्या जाळीत आणि नाकावरच्या चिन्हात. मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा, ऑडीच्या चार कड्या ही चिन्हं तुम्ही पोरं माझ्याआधी ओळखता.

पण गंमत अशी, की रात्री तारा दिसत नाही आणि कड्याही दिसत नाहीत. अंधारात समोरून येणाऱ्या गाडीचं एकच काही दिसतं, तिचा दिवा. हे कंपन्यांच्या चांगलंच ध्यानात आलं. नियम सैल झाले, काचेच्या जागी हव्या त्या आकाराचं प्लॅस्टिक आलं आणि दिवा म्हणजे गाडीच्या नावाची रात्रीची पाटी झाली. २००० साली बीएमडब्ल्यूनं आपल्या एका गाडीच्या दिव्यांभोवती उजळणाऱ्या कड्या बसवल्या. २००४ मध्ये ऑडीनं एलईडीच्या ठिपक्यांची रांग आणली. ती दिवसाही पेटलेली असायची. आता लांबूनच लोक म्हणतात, "अमुक गाडी आली!"

ही नावं आता आपल्यालाही परकी राहिलेली नाहीत. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात जुळवली जाते. आधी टेल्कोच्या कारखान्यात आणि २००९ पासून चाकणला. २०१० च्या ऑक्टोबरात तर औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) उद्योजकांनी मिळून एकदम १५१ मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींची खरेदी! त्यामागे गाडीच्या गरजेपेक्षा 'आमचं शहरही काही कमी नाही' हे सांगण्याची हौस जास्त होती, असं मला वाटतं. मला मात्र त्याच शहराजवळच्या वाळूजची दुसरी गोष्ट जास्त आवडते. तिथल्या व्हेरॉक कंपनीनं २०१२ मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकन कंपनीचा दिव्यांचा धंदाच विकत घेतला आणि मोठमोठ्या परदेशी गाड्यांचे दिवे बनवले. पुढे २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेतला तो धंदा तिनं एका फ्रेंच कंपनीला विकला. पण दहा वर्षं परदेशातल्या कितीतरी गाड्यांच्या डोळ्यांची मालकी आपल्या वाळूजकडे होती!

आता दिव्याच्या पोटात काय काय बदललं ते बघू. साध्या बल्बची तार तापून झिजायची आणि काच काळी पडायची. १९६२ मध्ये युरोपात गाड्यांना हॅलोजन बल्ब आले. त्यातला वायू झिजलेला धातू पुन्हा तारेवर नेऊन बसवतो. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाडीत झेनॉन दिवा आला. त्यात तारच नाही, दोन टोकांमध्ये ठिणगीसारखी वीज सतत पेटती राहते. वीज कमी आणि उजेड हॅलोजनच्या दुपटीहून जास्त. मग एलईडी. निळी एलईडी करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्यावर पिवळ्या पदार्थाचा थर दिला की पांढरा उजेड होतो. २००७ मध्ये लेक्ससच्या एका महागड्या गाडीत रस्त्याचा मुख्य दिवा एलईडीचा झाला. आज तो तुमच्या काकांच्या स्कूटरलाही असतो.

पण मुलांनो, खरी करामत उजेड वाढवण्यात नाहीच, तो नको तिथे जाऊ न देण्यात आहे. जुन्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती उजेडाला वर उडू देत नाही, म्हणून समोरच्याचे डोळे वाचतात. आपण रस्त्याच्या डावीकडून जातो. म्हणून आपल्याकडच्या दिव्याचा झोत डावीकडे जरा उचललेला असतो आणि उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, खाली राखलेला. डावीकडे कोण चालत असतं? तुम्ही!

महागड्या गाड्यांनी ह्याच कामावर पैसा ओतला. २०१३ मध्ये ऑडीच्या गाडीत एका दिव्यात अप्परसाठी २५ वेगवेगळ्या एलईडी आल्या. काचेमागचा कॅमेरा समोरची गाडी हेरतो आणि तिच्यावर पडणाऱ्या तेवढ्याच एलईडी विझवतो. बाकी रस्ता लख्ख. मर्सिडीजच्या २०१८ च्या दिव्यात तर दहा लाखांहून जास्त सूक्ष्म आरसे होते! म्हणजे एवढे पैसे मोजून काय विकत घ्यायचं? तर दुसऱ्याच्या डोळ्यांपुरता अंधार.

आणि आम्ही त्यातलं काय उचललं? गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. पालकसभा लांबली, निघायला सात वाजले. स्कूटरवरून घरी जात होते. रस्ता ओला, डांबर काळंभोर. समोरून एकदम पांढरा झगझगीत झोत आला. वाटलं, आली कुणी बडी गाडी. क्षणभर मला काहीच दिसेना. ब्रेक दाबला एवढंच आठवतं. झोत बाजूला सरकला तेव्हा माझ्या चाकापासून हातभर अंतरावर सायकल धरून उभा असलेला एक मुलगा दिसला. गडद निळा शर्ट, सायकलला मागे लाल काचही नाही. तो मला म्हणतो, "सॉरी टीचर." चूक कुणाची आणि सॉरी कोण म्हणतंय!

मागे वळून पाहिलं तर ती बडी गाडी नव्हतीच. जुनी छोटी गाडी होती, वरून बसवलेले पांढरे बल्ब लावलेली.

असं का होतं, ते घरी करून बघा. मुंडी फिरवून उजेड लहान-मोठा करता येतो अशी जुनी बॅटरी कुणाकडे तरी मिळेल. अंधाऱ्या खोलीत तिचा झोत भिंतीवर पाडा आणि मुंडी हळूहळू फिरवा. आतला बल्ब वाटीत जरासाच सरकतो, पण भिंतीवरचा नेटका ठिपका फिसकटून पसरतो. (बॅटरी कुणाच्या डोळ्यांवर मारायची नाही हं, धाकट्या भावाच्यासुद्धा.) गाडीतही तसंच. हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेल्या वाटीत भलताच एलईडी बल्ब खोचला, तर उजेडाची जागा चुकते. झोत वर उडतो, चहूकडे सांडतो. महागड्या गाडीचा पांढरा रंग तेवढा बाजारात मिळतो, पत्र्याची वाटी आणि कॅमेरा मिळत नाही.

वर्गात मी हा बॅटरीचा खेळ करून दाखवला. 'राग आयलाय' वाल्या पोराचे वडील टेम्पो चालवतात. पोरानं घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या फाटकात उभे! "बाय, माझे बलप पन तसलेच हायेत. पोरगा टेम्पोत बसंना झालाय." मी म्हटलं, मेकॅनिकला विचारा, मला वाटीपलीकडचं कळत नाही.

रविवारी त्यांनी जुने बल्ब परत बसवून घेतले. मेकॅनिकनं टेम्पो सपाट जागेवर, गोदामाच्या भिंतीपासून १० मीटरवर उभा केला. भिंतीवर दिव्याच्या उंचीची एक रेघ आणि तिच्याखाली साधारण १० सेंटिमीटरवर दुसरी. डिपरच्या उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर येईपर्यंत तो स्क्रू पिळत राहिला. रेघा मारायला खडू आमच्याच वर्गातून गेला होता. मला न विचारता!