तुटलेला तुकडा भंगारात देऊ नका

हायड्रोजनचा विषय निघाला की हल्ली बोलणे थेट हरित हायड्रोजनवर जाते. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय मिशनला मंजुरी दिली. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राचेही धोरण आले. उद्याच्या टाक्यांचे आणि पाइपलाइनचे पोलाद हायड्रोजनपुढे टिकेल का, यावर चर्चासत्रे भरतात; ती भरायलाच हवीत. पण बीड जिल्ह्यातल्या आमच्या वाचकांना त्या उद्याची वाट पाहण्याची गरज नाही. परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे संच उभे राहिले तेव्हापासून हायड्रोजन या जिल्ह्यात कामावर आहे. आजचे २५० मेगावॉटचे संचही त्याच्याच जोरावर थंड राहतात.

जनरेटरमधला हा वायू कोरडा ठेवला तर फारसा त्रास देत नाही. ओलावा शिरला की रोटरच्या टोकांवरच्या रिटेनिंग रिंगला धोका असतो. १८ टक्के मँगनीज आणि ५ टक्के क्रोमियमच्या जुन्या रिंग ओलाव्याने तडकतात हे जगभर दिसले, म्हणून १८-१८ चे मिश्रधातू आले. हे देखभालीतल्या बहुतेकांना ठाऊक आहे. खरी काळजी आहे ती जिथे कोणी हायड्रोजन भरलेलाच नाही, त्या बॉयलरची.

कंडेन्सरची एखादी ट्यूब किंचित गळते. कूलिंग वॉटरमधले क्लोराइड फीडवॉटरमध्ये मिसळते. वॉटरवॉल ट्यूबच्या आत, ज्वाळेकडच्या बाजूला, आधीच गाळाचा थर बसलेला असतो. त्याखाली पाणी उकळून क्षार साठतात, मॅग्नेशियम क्लोराइडपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते आणि ते ट्यूबवरचा मॅग्नेटाइटचा संरक्षक पापुद्रा खाते. आम्ल आणि लोखंड एकत्र आले की हायड्रोजन सुटणारच. थराखाली कोंडलेला हा हायड्रोजन अणुरूपात पोलादात शिरतो, तिथल्या कार्बाइडशी भिडतो आणि मिथेन बनवतो. मिथेनचा रेणू मोठा असल्यामुळे त्याला बाहेर पडता येत नाही. दाब वाढत जातो आणि स्फटिककणांच्या सीमांवर सूक्ष्म चिरा पडतात. एके रात्री ट्यूबचा खिडकीएवढा तुकडा उडून जातो. कडा जाड असतात, ट्यूब फुगलेली नसते, भिंतही फारशी पातळ झालेली नसते. जाडी मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्राने आदल्या शटडाऊनमध्ये तिला कदाचित ‘ठीक’ म्हटलेलेही असेल.

हे सारे पाण्यावर ठरते, आणि आपल्या मुलखात पाणी म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. २०१३ च्या फेब्रुवारीत गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही आणि परळीचे सगळे संच बंद पडले. टंचाईत तेच पाणी कूलिंग टॉवरमधून जास्त वेळा फिरवावे लागते, क्षार चढत जातात. मग कंडेन्सरची छोटी गळतीही मोठी ठरते. संच महिनोन् महिने बंद असताना बॉयलरचे जतन नीट झाले नाही, तर गंज आणि गाळ पुढच्या दुखण्याची तयारी करून ठेवतात. म्हणून दुष्काळी भागातल्या केंद्रात पाण्याचा केमिस्ट हा धातुशास्त्रज्ञाइतकाच महत्त्वाचा माणूस आहे, असे आम्ही मानतो.

हायड्रोजनचे दुसरे रूप थंड धातूत दिसते. डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी १८७५ मध्ये नोंदवले की आम्लात बुडवलेली लोखंडी तार ठिसूळ होते आणि काही काळाने पूर्ववत होते. इथे मिथेन नाही, कायमची मोडतोडही नाही. जाळीत हिंडणारे सुटे अणू ताण असेल तिकडे गोळा होतात आणि काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणी हातही न लावता, बोल्ट तुटतो. २०१३ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलावर गॅल्व्हनाइझ केलेले ९६ रॉड ताणून बसवले; त्यातले ३२ थोड्याच दिवसांत तुटले. बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या मंडळींनी हा प्रसंग नीट अभ्यासावा. टॉवरच्या फ्लँजमधला १०.९ ग्रेडचा बोल्ट प्रमाणात बनवला असेल तर त्याचा हार्डनेस ३८० व्हिकर्सच्या आत राहतो, आणि आयएसओ ४०४२ नुसार धोक्याची रेषा ३९० वर आहे. म्हणजे फरक अवघ्या दहा आकड्यांचा! उष्णतोपचारात थोडी चूक झाली, किंवा ‘अधिक मजबूत’ म्हणून कोणी १२.९ चा बोल्ट बसवला, की रेषा ओलांडली. झिंक फ्लेकचा थर, आम्लाऐवजी शॉट ब्लास्टिंग, आणि इलेक्ट्रोप्लेटिंग करायचेच असेल तर लगेच १९० ते २२० अंशांवर काही तास बेकिंग, या अटी खरेदीच्या ऑर्डरवरच लिहिलेल्या असाव्यात.

आता संशोधनाकडे. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात झालेले काम खरोखर थक्क करणारे आहे. पोलादात काही नॅनोमीटर आकाराचे व्हॅनेडियमचे किंवा नायोबियमचे कार्बाइड कण पेरले, तर ते हायड्रोजनला धरून ठेवतात ही कल्पना जुनी. पण तो अणू नेमका कुठे बसतो हे पाहणे फार अवघड होते. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने ॲटम प्रोबने ते दाखवले. साधा हायड्रोजन यंत्राच्या निर्वात पोकळीतही असतो, म्हणून त्यांनी ड्युटेरियम वापरला आणि नमुना गोठवून ठेवला. अणू कार्बाइडच्या गाभ्यात सापडले. २०२० मध्ये सिडनीच्या गटाला ते नायोबियम कार्बाइडच्या कडेला, पोलादाच्या जाळीशी न जुळणाऱ्या सीमेवर सापडले. दोन कणांत दोन जागा, म्हणजे कोणता कण पेरायचा हा प्रश्न अजून चालू आहे. त्यात आणखी एक अडचण आहे. हे नॅनोसापळे भरतात. हायड्रोजन सतत येत राहिला तर सापळ्यांनी वेळ मिळतो, मुक्ती मिळत नाही. शिवाय कण बारीक केले की पोलादाची ताकद वाढते, आणि ताकदीबरोबर ठिसूळपणाची भीतीही. म्हणून नव्या पोलादाच्या भरवशावर पाण्याचे रसायन किंवा बेकिंग सैल सोडता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि या संशोधनाला आपल्याकडून काय मिळते? जवळजवळ काहीच नाही. ट्यूब फुटली की कापून नवी जोडायची, हायड्रोटेस्ट घ्यायची, संच लाइट-अप करायचा. वरून दट्ट्या असतो, ते आम्ही समजू शकतो. पण कापलेला तुकडा भंगाराच्या ढिगात जातो आणि अहवालात ‘ट्यूब लीकेज’ एवढेच उरते. कारण न कळल्याने शेजारच्या ट्यूब तशाच राहतात. अमेरिकेतल्या त्या पुलाचे तुटलेले रॉड बाहेर काढून तपासले आणि निष्कर्ष जाहीर केले, म्हणून आज आपण त्यावर बोलू शकतो.

यासाठी ॲटम प्रोब लागत नाही. तुटलेल्या कडा तारेच्या ब्रशने घासू नका, एकमेकींना जुळवून पाहू नका. कोरड्या करून गुंडाळा. ट्यूबची उंची, ज्वाळेकडची बाजू, चाललेले तास आणि शेवटची ॲसिड क्लीनिंग केव्हा झाली ते लिहा. आडवा छेद घेऊन गरम हायड्रोक्लोरिक आम्लात धरला की हायड्रोजनने खाल्लेला भाग काळा पडतो. साध्या धातुशास्त्रीय सूक्ष्मदर्शकाखाली कार्बन गेलेला पांढुरका पट्टा आणि कणसीमांवरच्या चिरा दिसतात. अंबाजोगाईचे अभियांत्रिकी महाविद्यालय परळीपासून फार लांब नाही. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी याहून चांगला नमुना विद्यार्थ्यांना मिळणार नाही.

केंद्रातले अभियंते, पवनचक्क्यांची देखभाल करणारे आणि प्राध्यापक, तिघांनाही आमची विनंती आहे: पुढचा तुकडा हाती आला की छेदाचे छायाचित्र आणि पाण्याच्या नोंदी आमच्याकडे पाठवा. कंपनीचे किंवा संचाचे नाव आम्ही छापणार नाही. या मासिकाची दोन पाने त्यासाठी दर अंकात राखून ठेवली आहेत.