केमिस्टच्या सहीला जामीन कोण?

औषध कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींत ‘एफडीए अप्रूव्ड केमिस्ट पाहिजे’ ही ओळ नेहमीची. रसायनशास्त्रातला बीएस्सी तीन वर्षं अनुभव घेतो, कंपनी त्याचं नाव एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवते, मंजुरी येते आणि पगार वाढतो. महाड-तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात मात्र अशी नावानिशी मंजुरी नाही. तिथे कंपनी म्हणेल तो केमिस्ट!

ब्रिटनमध्ये हा गुंता जुना. 1875च्या अन्न-औषध कायद्यात भेसळ तपासायला सरकारी विश्लेषकांची तरतूद होती, पण विश्लेषक म्हणवून घेण्याइतकं रसायन कोणाला येतं, हे ठरवणार कोण? 1877मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ केमिस्ट्री निघाली, एडवर्ड फ्रँकलंड तिचे पहिले अध्यक्ष. 1980मध्ये ती केमिकल सोसायटी वगैरे संस्थांसह रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीत विलीन झाली. आज तिथे असोसिएट, मेंबर, फेलो अशा पायऱ्या आहेत आणि ‘चार्टर्ड केमिस्ट’ हा वेगळा मान. त्यासाठी पदवी पुरत नाही. कामातली जबाबदारी दाखवावी लागते, आचारसंहिता पाळावी लागते.

पायऱ्या म्हटल्या की दरवानही आलाच. 1904मध्ये 19 महिला रसायनशास्त्रज्ञांनी केमिकल सोसायटीकडे फेलोशिप मागितली. त्याच वर्षी मेरी क्युरींना मानद परदेशी फेलो करणाऱ्या सोसायटीने घरच्या बायकांना 1920पर्यंत ताटकळत ठेवलं. परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटने मात्र 1892मध्येच एमिली लॉइड यांना असोसिएट केलं होतं.

चार्टर्ड नसलेल्यालाही ब्रिटनमध्ये प्रयोगशाळेत नोकरी मिळते. पण पब्लिक अ‍ॅनालिस्ट, म्हणजे तोच सरकारी विश्लेषक, व्हायचं तर ‘मास्टरशिप इन केमिकल अ‍ॅनालिसिस’ ही पात्रता कायद्याने लागते. भारतातही अन्न विश्लेषकाला एफएसएसएआयची (केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) परीक्षा द्यावी लागते. म्हणजे जिथे अहवाल कोर्टात जातो, तिथे दोन्ही देश सावध आहेत. मग इतरत्र ढिलाई का?

मुंबईने या ढिलाईची किंमत मोजली आहे. 1986मध्ये जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाने पुरवठादारापासून एफडीएपर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेतली. कायदा होता, प्रयोगशाळाही होत्या. विष रुग्णाच्या पोटात जाण्याआधी बाटली अडवणारा कोणी नव्हता.

डॉक्टरांची नोंदवही आहे, फार्मासिस्टांची 1948च्या कायद्यापासून आहे. चाचणी अहवालावर सही करणाऱ्या प्रत्येक केमिस्टची तशी नोंदवही राज्याने उघडावी. मान्यता माणसाची असावी. त्याने कंपनी सोडली तरी सोबत जाणारी आणि खोट्या सहीबद्दल रद्द होणारी. मालकाने ‘बॅच पास कर’ म्हटल्यावर नकार देणाऱ्याला आज पाठीशी कोणी नाही; त्याला ती नोंद उपयोगी पडेल.

यातून प्रमाणपत्रांचं आणखी एक दुकान उघडेल, ही भीती खरी आहे. म्हणून सक्ती फक्त सही करणाऱ्यांना असावी आणि नोंदणीची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची नसावी. उमेदवाराच्या हाती एक अनोळखी बाटली द्यावी आणि तिच्यात काय आहे, किती आहे, ते दिवसभरात सहीनिशी लिहून घ्यावं.