वराह, डुक्कर आणि फँड्री

परवा ऑफिसात एकाने विचारलं, "नर डुकराला मराठीत काय म्हणतात रे?" इंग्रजीत 'बोअर' आहे, मग आपल्याकडे? कोणीतरी म्हणालं, "वराह." आणि सगळे आपापल्या मॉनिटरकडे वळले. मला मात्र वीकेंडला विषय मिळाला!

वराह शब्द ऋग्वेदातला. त्याचा भाऊबंद अवेस्तात 'वराझ'. इराणात तर हे शौर्याचं नाव होतं. इ.स. ६१४ मध्ये जेरुसलेम जिंकणारा सासानी सेनापती शहरबराझ, त्याच्या नावातला 'बराझ' म्हणजे रानडुक्कर. इकडे बदामीच्या चालुक्यांच्या राजमुद्रेवर वराह, आणि दक्षिणेत सोन्याच्या होनालाही वराहच म्हणत. विष्णूचा तिसरा अवतार तर आहेच. थोडक्यात, या शब्दाचा सीव्ही जबरदस्त आहे.

आता व्याकरण बघा. 'तो' वराह, पण 'ते' डुक्कर. मादी असेल तर डुकरीण. म्हणजे देवळात पुल्लिंग, उकिरड्यावर नपुंसकलिंग. प्राणी एकच. त्या तीनचाकी टेम्पोला आपण 'डुक्कर रिक्षा' म्हणायचो, 'वराह रिक्षा' नाही. सरकारी योजनेत मात्र 'वराहपालन'! कागदावर शब्द सोवळा झाला. पण डुकरं पाळणाऱ्या, पकडणाऱ्या माणसांना गावात कोण सोवळं मानतं? शिवी प्राण्याला लागत नाही हो, त्यांना लागते. म्हणून मला हे 'वराहपालन' प्रकरण मुळीच पटत नाही.

नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३) आठवतो? डुकरं पकडायला लागणारं कैकाडी घर, आणि बघून हसणारं गाव. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. हा द्राविडी शब्द आहे. तमिळमध्ये 'पन्री', कानडीत 'हंदी' (तिथे जुन्या 'प'चा 'ह' झाला), तेलुगूत 'पंदी'. आमच्या भिवंडीत पद्मनगरला मागावर आलेल्या तेलुगू विणकरांची वस्ती आहे, त्यांच्या घरात हाच शब्द. म्हणजे ज्या शब्दावर थिएटरात पहिल्यांदा लोक "हे काय नाव?" म्हणाले, त्याचं भावंड माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर राहतं.

शाळेच्या पुस्तकात समानार्थी शब्द देतात ना... वराह, सूकर वगैरे. त्यात फँड्री घाला की. पाठ करायला सोपा आहे, आणि वर्गातल्या एखाद्या पोराच्या घरातला असेल.