लग्नाची कुणकुण आधी वर्गाला लागते

दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोड कुटुंबे बाहेर पडतात. मुकादमाची उचल मिळते ती जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा घोरही खरा. म्हणून कोवळ्या वयात लग्न आणि पाठोपाठ बाळंतपण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. बालविवाह रोखायची जबाबदारी असलेल्या ग्रामसेवकाला कळते तेव्हा मांडव उभा असतो. मैत्रिणींना सुपारी फुटतानाच कळते. त्यांना, आणि मुलग्यांनाही, ग्राम बाल संरक्षण समितीत खरे स्थान द्या. १०९८ या बाल मदतवाहिनीवर फोन करणाऱ्याचे नाव गुप्त राखा. आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे पहिली गाडी गावातून निघण्याआधी उघडा.