गंजलेल्या यंत्रांचा छंद

टपालाची तिकिटे, जुनी नाणी, काडेपेट्यांवरील चित्रे, पक्ष्यांची पिसे. विद्यार्थ्यांचे छंद म्हटले की निबंधाच्या पुस्तकांतून हीच नावे पुन्हा पुन्हा येतात. या छंदांची थोरवी कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु तिकीट एकदा वहीत चिकटवले की संग्राहकाचे काम संपते, ही गोष्ट मात्र खरी. ज्या छंदात वस्तू हाती आल्यानंतरच खऱ्या कामास आरंभ होतो, अशा एका छंदाविषयी मला येथे लिहावयाचे आहे. तो म्हणजे जुनी, बंद पडलेली यंत्रे मिळवून ती पुन्हा चालती करणे. आणि उदाहरणादाखल मी मुद्दाम असे यंत्र घेणार आहे की, ज्याचे नाव ऐकताच पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. झाडे कापण्याची साखळी-करवत, जिला आपण सर्वजण ‘चेनसॉ’ म्हणतो, तेच ते यंत्र.

अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया या देशांत जुन्या साखळी-करवती जमवून त्या दुरुस्त करणारी मंडळी आहेत. एखाद्या शेतावरच्या कोठारात पन्नास-साठ वर्षे धूळ खात पडलेली करवत ते उचलून आणतात, तिचा सांधा न् सांधा सुटा करतात, आणि तिचे इंजिन पुन्हा धडधडू लागले की त्यांना जो आनंद होतो तो दुर्मिळ तिकीट मिळाल्याच्या आनंदाहून कमी नसावा. हे खूळ वाटेल. पण या यंत्राचा इतिहास पाहिला म्हणजे त्यामागील गोडी कळू लागते. जर्मनीत आंद्रेआस श्टिल याने १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. १९२७ मध्ये एमिल लेर्प याने आपली पेट्रोलवरची करवत थुरिंगिया प्रांतातील डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिली आणि त्या डोंगराचेच नाव पुढे आपल्या कारखान्याला दिले. १९२९ मध्ये श्टिलनेही पेट्रोलवरची करवत काढली. तिचे वजन सुमारे ४६ किलो होते. ती उचलावयास दोन धट्टेकट्टे गडी लागत. तीसच वर्षांनी, १९५९ मध्ये, त्याच कारखान्याची ‘कॉन्ट्रा’ नावाची करवत आली. शक्ती जवळपास तेवढीच, सहा अश्वशक्तीची, आणि वजन मात्र बारा किलोच्या आसपास. चौतीस किलो लोखंड कोठे गेले, हा प्रश्न ज्याच्या मनात उभा राहतो, त्याला हा छंद लागला असे समजावे.

त्या साखळीच्या दातांची गोष्ट तर याहून रम्य आहे. प्रारंभीच्या साखळ्यांचे दात साध्या हातकरवतीसारखेच असत. ते लाकूड ओरबाडीत आणि थोड्याच वेळात बोथट होत. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ मध्ये त्याने एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती अळी आपले वाकडे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे चालवीत रेषांच्या दिशेने आणि रेषांच्या आडवेही सारख्याच सहजतेने लाकूड कापीत होती. कॉक्सने तिच्या जबड्यांसारखे वळलेले दात एकाआड एक डावे-उजवे बसवून नवी साखळी घडविली आणि १९४७ पासून ती विकावयास काढली. आजच्या साखळ्यांचे दात मुळात त्याच घडणीचे आहेत. जुनी करवत हाती घेऊन तिचे दात कानसणारा मनुष्य नकळत त्या अळीचाच धडा गिरवीत असतो.

आता दुरुस्तीकडे वळू, कारण माझ्या मते या छंदाचे सारे शिक्षण तेथे आहे. बंद इंजिनाला तीनच गोष्टी विचारावयाच्या असतात : ठिणगी पडते काय, इंधन पोहोचते काय, आणि दाब तयार होतो काय? ठिणगी पडत नसेल तर मॅग्नेटोमधील पॉइंटांवर काजळी किंवा गंज चढलेला असतो. बारीक पॉलिशपेपरने ते घासून त्यांच्यामधील अंतर पुन्हा नीट लावावे लागते. इंधन पोहोचत नसेल तर कार्ब्युरेटर उघडावा. त्यातील पातळ पडदा वर्षानुवर्षांच्या वाळण्याने कडक झालेला असतो. हा पडदा मोठ्या चातुर्याचा आहे. त्याच्या पूर्वी इंधनाची पातळी राखण्यासाठी तरंगणारा गोळा असे, त्यामुळे इंजिन सरळच धरावे लागे. पडदा आल्यावर करवत आडवी, तिरपी, उलटी कशीही धरली तरी चालू राहू लागली. दाब तयार होत नसेल तर पिस्टनच्या कड्या पाहाव्यात. या इंजिनाच्या पोटात निराळे वंगण नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. ते तेल विसरले की पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतो आणि यंत्र मरते. शाळेच्या पुस्तकात उष्णता, घर्षण, हवेचा दाब, विद्युत्‌चुंबकत्व ही प्रकरणे वेगवेगळी असतात. येथे ती सर्व एका मुठीएवढ्या जागेत एकमेकांस धरून बसलेली दिसतात, आणि एकाने दगा दिला की सारीच थांबतात.

‘पण हे यंत्र तर वनांचा काळ!’ असा आक्षेप कोणी घेईल. तो टाळण्यासारखा नाही. आपल्या सुरतेपासून फार दूर नसलेल्या डांगच्या सागवानी जंगलाचाच विचार करा. त्या बाजूचे लाकूड वाहून आणता यावे म्हणून गायकवाडांच्या राजवटीत बिलिमोरा ते वघई अशी अरुंद रुळांची आगगाडी घातली गेली. त्या काळी वृक्ष कुऱ्हाडीने व दोन माणसांनी ओढावयाच्या करवतीनेच पाडीत. साखळी-करवत आपल्याकडे फार उशिरा आली. म्हणजे जंगल तोडावयास यंत्रच लागते असे नाही, लोभ पुरेसा असतो. तथापि दोन माणसांना ज्या कामास दिवस लागे ते यंत्र मिनिटांत करू लागले, आणि लोभाला घाई करता येऊ लागली, हेही तितकेच खरे. माझ्या मते एवढ्यासाठीच अशी एखादी जुनी करवत जपून ठेवावी. तलवारी आपण संग्रहालयात ठेवतो, त्या काही रक्तपाताच्या गौरवासाठी ठेवीत नाही.

कोणी म्हणेल, जर्मनी-अमेरिकेच्या या गोष्टींशी आपल्या कतारगामचा संबंध काय? साखळी-करवत आपल्या गावची नाही, हे कबूल. पण करवत आपल्या गावची आहे! हिरा कापावयाची करवत या वस्तीत घरोघरच्या माणसांनी चालविली आहे. फॉस्फर ब्राँझची, कागदासारखी पातळ चकती. तिच्या कडेला तेलात कालविलेली हिऱ्याची भुकटी. आणि एकेक खडा दुभंगण्यासाठी तासन् तास चाललेले तिचे फिरणे. एकच कारागीर अशा अनेक यंत्रांवर नजर ठेवून बसे. आता ते काम बहुतेक ठिकाणी लेसरचा किरण करतो. घंटीचेही तसेच. घंटी म्हणजे ज्याभोवती कारागीर बसतात तो हिरे घासण्याचा ठिय्या, आणि सरण म्हणजे त्यावर फिरणारी बिडाची तबकडी, हे येथील मुलांना सांगावयास नको. परंतु जुन्या लाकडी चौकटीची घंटी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? मागांची कथा निराळी नाही. ज्यांची वडीलधारी मंडळी खानदेशातून येथे पोटापाण्यासाठी आली, त्यांपैकी कितीकांनी धोट्याच्या मागावर उमेदीची वर्षे घालविली. ते माग आता भंगाराच्या भावाने विकले जातात; त्यांच्या जागी बिनधोट्याचे रेपियर आणि पाण्याच्या फवाऱ्याने बाण्याचा धागा नेणारे वॉटरजेट माग आले आहेत. उत्पादन वाढले, आणि कारखानदाराने जुना माग सांभाळीत बसावे असे मीही म्हणणार नाही. एकेकाळी पापडीच्या शेतांसाठी नावाजलेल्या या कतारगामात उंधियूची पापडी आठवते, पण ती शेते गेली. आता शेतांच्या जागी आलेली यंत्रेही चालली. दर खेपेस सारेच गेले पाहिजे असे मात्र कोठे लिहिले आहे?

पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती अशा वस्तू आयुष्यभर जमविल्या. घरोघरी माळ्यावर पडलेल्या या वस्तूंत पाहण्यासारखे काय आहे, असे त्यांच्या काळी अनेकांना वाटले असेल. आज त्यांच्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या नावाने उभे असलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावयास देशोदेशीचे लोक येतात. यंत्रांना असे केळकर अजून फारसे भेटले नाहीत. नाही म्हणावयास त्याच पुण्यात २०१७ पासून विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. तेथे शंभराहून अधिक जुन्या सायकली आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी केलेली घडीची सायकलही त्यांत आहे. जुन्या बाजारातून सायकल आणावयाची, तिचे हरवलेले भाग शोधावयाचे, ते न मिळाल्यास घडवावयाचे, असे हे काम. भारतात साखळी-करवतींच्या छंदाचा सर्वांत जवळचा नातेवाईक मला तोच दिसतो.

सायकलीवरून आठवले. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात झाला तो सायकलींच्या दुकानातच. १९०३ मध्ये त्यांचा लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. दुसऱ्याने केलेले यंत्र उकलून पाहणाऱ्या हातांनाच पुढे स्वतःचे यंत्र सुचते, असे मला वाटते. हल्लीच्या पुष्कळ वस्तू मुळी उघडताच येऊ नयेत अशा बेताने केलेल्या असतात. मोबाईलची बॅटरी डिंकाने चिकटविलेली, मिक्सरचे स्क्रू नेहमीच्या पेचकसाला दाद न देणारे. ‘दुरुस्तीपेक्षा नवा घ्या, स्वस्त पडेल’ हे वाक्य आपण दुकानात इतक्या वेळा ऐकतो की ते खरेच वाटू लागले आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा महापूर शहरभर पसरला, त्या वेळी हे वाक्य कोणाच्या कामी आले नसते. चिखलात बुडालेली यंत्रे उघडून, धुऊन, वाळवून, तेल घालून पुन्हा चालविणारे हातच तेव्हा उपयोगी पडले. तुमचा जन्म त्यानंतरचा. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा.

छंदाच्या रीतीविषयी माझी दोन मते आग्रहाची आहेत. पहिले असे की, जुन्या यंत्राला नवा रंग फासू नये. रॉकेलने माती व चिकटा धुवावा, गंज उतरवावा, तेलाचा हात फिरवावा आणि थांबावे. मुठीवरचा रंग जेथे उडाला आहे तेथे कोणाचा तरी हात वीस वर्षे टेकला होता. तो डाग पुसला तर यंत्र राहील आणि माणूस जाईल. कित्येक संग्राहक चकचकीतपणाला भुलून नेमके हेच करतात, मग त्या वस्तूचे दुकानातील नव्या वस्तूशी काहीच अंतर उरत नाही. दुसरे मत सुरक्षिततेचे आहे आणि त्यात सवलत नाही. जुन्या साखळी-करवतींना आज असतो तसा साखळी जागच्या जागी थांबविणारा ब्रेक नसतो. ती सोय १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली. लाकडात पात्याचे टोक अडकले की अशी करवत उसळून चालविणाऱ्याच्या तोंडावर येते. म्हणून विद्यार्थ्याने साखळी उतरवूनच काम करावे, आणि इंजिन सुरू करावयाचे ते जाणत्या माणसानेच. मागाच्या पट्ट्याला आणि विजेच्या मोटारीलाही हाच नियम लागू.

‘जागा कोठे आहे?’ हा प्रश्न घरोघरच्या आया विचारतील, आणि एका खोलीत सहा माणसे राहतात तेथे तो अगदी रास्त आहे. पन्नास यंत्रे जमविण्याची आवश्यकता नाही. एक शिवणयंत्र, एक रेडिओ, एक टेबलपंखा, एवढ्यावर हा छंद उत्तम चालतो. किंबहुना एकच यंत्र तीन वेळा सोडून तीन वेळा जोडणारा विद्यार्थी तीस यंत्रे कपाटात ठेवणाऱ्याहून मला अधिक मोठा संग्राहक वाटतो. पाने, पेचकस, दोन कानशी, एक व्हाइस आणि सुटे भाग ठेवावयास चहाच्या बशा. याहून अधिक भांडवल नको. प्रत्येक भाग काढताना त्याचे चित्र वहीत काढावे व त्यावर क्रमांक घालावा. मोबाईलने छायाचित्र घेणे सोपे खरे, पण हाताने काढलेल्या चित्राला तो भाग कळावा लागतो.

मोठी यंत्रे मात्र शाळेने सांभाळावीत. प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक व एक जाळीचे कपाट मिळाले तरी पुरे. एक जुनी घंटी सरणासह, हिरा कापावयाचे चकतीचे एक यंत्र, एक धोट्याचा माग, आणि कोठे मिळालीच तर एक साखळी-करवत. घंटी आणि माग कारखान्यांतून बाहेर पडत आहेत तोवरच हे शक्य आहे. भट्टीत गेलेले लोखंड परत मागता येत नाही. विद्यार्थ्यांच्या पालकांत ही यंत्रे चालविलेले पुष्कळ जण आहेत. सुटीच्या दिवशी त्यांपैकी एखाद्या काकांना बोलावून माग जोडावयास सांगावे, आणि ते जोडीत असताना नववीच्या मुलांनी वही घेऊन बसावे. धोटा कोणत्या हाताने भरावयाचा, तुटलेला धागा न दिसता बोटांनी कसा ओळखावयाचा, सरण समतोल नसेल तर आवाजात काय फरक पडतो, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. कपाटावरील चिठ्ठीवर यंत्राच्या नावाखाली ते चालविणाऱ्याचे नाव, त्यांच्या संमतीने, लिहावे. कारखान्याचे नाव तर बिडावर ओतलेले असतेच.