वाढत्या अंगाची गिटार

बारा वर्षांच्या नातीसाठी पहिली बास गिटार घ्यावयास गेलो. प्रचलित बासच्या तारांची लांबी 34 इंच. तिची बोटे सुरुवातीच्या पडद्यांवर पुरेनात. बँकेतील नोकरीमुळे भविष्याची तरतूद अंगवळणी पडलेली, म्हणालो, “वाढत्या अंगाची घेऊ, पुढे उपयोगी पडेल.” ती हळूच म्हणाली, “आजोबा, तोवर मी शिकू कशी?” मी निरुत्तर झालो. अखेर 30 इंचांची, चार तारांची घेतली. दांडी सरळ आहे, तारा पडद्यांपासून फार उंच नाहीत, हे पाहून घेतले. अॅम्प्लिफायरसाठी पैसे राखून ठेवले होतेच. त्यावाचून इलेक्ट्रिक बासचा खर्ज नीट ऐकू येत नाही. वाचकहो, पहिले वाद्य शिकणाऱ्याच्या आजच्या बोटांना मानवेल असेच घ्यावे.