स्प्रिंगांची जोडी व पाळण्याचा भार

ज्या घरी तान्हे मूल आहे, त्या घरी हल्ली छताच्या कडीस स्प्रिंग अडकवून तीस झोळीचा पाळणा टांगलेला पुष्कळदा दृष्टीस पडतो. मूल वाढू लागले की स्प्रिंग अधिक ताणते, झोळी भुईस टेकू पाहते, आणि घरातील कोणी सुचवितो की, एकीने भागत नाही तर दुसरी जोडावी. परंतु ती दुसरी कोठे जोडावयाची, पहिलीच्या खाली की पहिलीच्या शेजारी, ह्यावर त्या तान्ह्याचे क्षेम अवलंबून असते. म्हणून ह्या मासी त्याचाच विचार करू.

मूळ नियम रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाचा. त्याने तो १६७६ साली अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपाने छापला व १६७८ साली त्याचा उलगडा केला. नियम इतकाच की, स्प्रिंग जितक्या जोराने ओढावी तितक्या प्रमाणात ती लांबते. मात्र तिच्या मर्यादेच्या आत. ती मर्यादा ओलांडली की स्प्रिंग पूर्ववत् होत नाही.

समजा, दर किलोस १ सेंटीमीटर लांबणाऱ्या स्प्रिंगला ६ किलो वजन टांगले. ती ६ सेंटीमीटर लांबेल. आता तशीच दुसरी तिच्या खालच्या टोकास अडकविली, म्हणजे एकसर जोडणी केली. खालचीवर ६ किलोंचा भार आहेच. परंतु ती जिला लोंबते त्या वरचीसही तोच सारा भार तोलावा लागतो. दोघी सहा सहा सेंटीमीटर लांबून वजन १२ सेंटीमीटर खाली येते. भाराची वाटणी मुळीच होत नाही. ज्यास संशय वाटेल त्याने स्प्रिंगचे दोन काटे एकाखाली एक अडकवून २ किलोंची पिशवी टांगून पाहावी. दोन्ही काटे २ किलोच दाखवितील. वरचा तर खालच्या काट्याच्या वजनापुरता किंचित् अधिकच.

ह्याउलट सारख्या लांबीच्या दोघी शेजारी शेजारी ठेवून वरची टोके एकत्र व खालची टोके एकत्र बांधली, म्हणजे समांतर जोडणी केली, तर प्रत्येकीवर ३ किलोच येतात व वजन ३ सेंटीमीटरच उतरते. एक स्प्रिंग दुसरीच्या दुप्पट ताठ असेल, तर दोघी २ सेंटीमीटर लांबतील. मऊ स्प्रिंग २ किलो उचलील व ताठ स्प्रिंग ४ किलो. लांबणे समान, ओझे मात्र ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नकोच. शाळेत विजेच्या रोधांचे सूत्र शिकलेली मुले येथे फसतात. रोधांची बेरीज एकसर जोडणीत होते, स्प्रिंगांच्या ताठपणाची बेरीज समांतर जोडणीत.

ह्यावरून आणखी एक गोष्ट निघते. एकच लांब स्प्रिंग म्हणजे अनेक वेढ्यांची एकसर जोडणीच होय. म्हणून ती मधोमध कापली तर प्रत्येक अर्धा भाग दुप्पट ताठ होतो व त्याच वजनाने निम्माच लांबतो. पाळणा वर राहिला खरा. परंतु तार व वेढे पूर्वीचेच असल्यामुळे अधिक भार सोसण्याची शक्ती काही वाढली नाही. ताठपणा निराळा आणि बळकटी निराळी.

आता मुख्य मुद्दा. एकसर जोडणीत कोणतीही एक तुटली की मूल खाली आलेच. तेथे दोन स्प्रिंगा म्हणजे दोन आधार नव्हेत, तुटण्याच्या दोन जागा होत. समांतर जोडणीत एक तुटली तरी दुसरी धरते; परंतु त्या क्षणी सारा भार हिसक्यानिशी एकटीवर येतो, म्हणून प्रत्येक स्प्रिंग एकटीने तो पेलील इतकी भक्कम असावी. शिवाय स्प्रिंगच्या पोटातून एक मजबूत दोर, नित्याच्या ताणाहून किंचित् लांब ठेवून, दोन्ही टोकांस पक्का बांधावा. एरवी तो सैल राहतो. स्प्रिंग तुटली तरच भार घेतो. आणि पाळण्यावर लिहिलेल्या वजनापलीकडे मूल गेले, की जोडणीचा विचार न करता पाळणाच उतरवावा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही जोडणीने टळत नाही. स्प्रिंगा दोन असोत वा चार, त्या साऱ्या ज्या एका कडीस लोंबतात, तिच्याशी त्यांचे नाते एकसरच. मुलास झोळीत घालण्यापूर्वी प्रथम ती कडी तपासावी.